फडक्याखालची कढई

पेठच्या स्टँडवर तुम्ही दहा मिनिटं उभे राहिलात तर निदान पाच माणसं तुम्हाला विचारतील, "कुठं निघाला?" यात चौकशी नसते, हा आमच्याकडचा नमस्कार आहे. उत्तरंही ठरलेली असतात. मंचरला, बँकेत, पोरीकडं, दवाखान्यात. विचारणारा मान हलवून पुढे जातो आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असतं की तुम्ही दवाखान्यात गेला होतात.

बाईंना कोणी असं विचारलं की त्या थांबायच्या, चष्मा वर सरकवायच्या, छान हसायच्या आणि म्हणायच्या, "निघालेय." एवढंच. परत येताना कोणी "कुठून?" म्हटलं तर "आले." बावीस वर्षं त्या आमच्या शाळेत गणित शिकवत होत्या आणि बावीस वर्षांत त्या कुठे निघाल्या होत्या हे पेठला कधीही कळलं नाही. त्यांनीही कधी कोणाला विचारलं नाही. सुरुवातीला लोकांना हा शिष्टपणा वाटला. नंतर एक गंमत झाली. ज्याला खरोखर कुठे जायचंय ते सांगायचं नसेल, तो स्टँडवर येऊन बाईंच्या शेजारी उभा राहायला लागला.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. माझं अगदी उलट. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी स्वतःच सांगतो, म्हणजे दुसऱ्याला कष्ट नकोत. गावात जत्रा असो, सप्ताह असो, लग्न असो, माईक माझ्या हातात. वर्गणीदारांची नावं मी अशी वाचायचो की अकरा रुपये देणाऱ्यालाही एकवीस द्यायला हवे होते असं वाटावं. अशा माणसाच्या टेबलासमोर बाईंचं टेबल होतं. देवाला विनोद कळतो तो असा.

बाई मूळच्या आणे गावच्या, पठारावरच्या. पाणी बेतानं आणि बोलणंही बेतानं. कपाटाला त्यांनी कधी कुलूप लावलं नाही. वर्गाच्या दारावर दर शनिवारी एक कागद असायचा आणि त्यावर 'या आठवड्यात माझं काय चुकलं' असं लिहून खाली यादी. 'बुधवारी वर्तुळाचं उदाहरण चुकीचं सोडवलं. मागच्या बाकावरून दुरुस्ती आली.' मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, तपासणीला साहेब येतात, हे बरं दिसत नाही." बाई म्हणायच्या, "काम उघड्यावर असावं, सर. माणूस दाराआड असला तरी चालतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. पहिल्या नव्व्याण्णव वेळा मला ते नुसतंच टाळीचं वाक्य वाटलं.

सहामाहीचे गुण बाकीचे शिक्षक फळ्यावर लावायचे. बाई पेपर चौघडी घालून ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या, आकडा आत. माझी मुलगी दहावीला त्यांच्याच वर्गात होती. पूर्वपरीक्षा झाली तसं मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, आमच्या पोरीला किती?"

"पोरीला विचारा."

"अहो, बाप आहे मी तिचा."

"मग तर सोपंच आहे. घरीच असते ती."

मला इतका राग आला की मी त्यांना डब्यातली चटणी विचारायचं बंद केलं, आणि आमच्या घरची शेंगदाण्याची चटणी बंद होणं ही लहान शिक्षा नव्हती. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. एकदा त्या वर्गावर असताना मी त्यांचं कपाट उघडून गुणांची वही काढली. वहीत नावंच नव्हती. नावांच्या जागी चिन्हं होती. एक पान, एक चाक, एक बेडूक, एक उलटा तांब्या. माझी मुलगी बेडूक आहे की तांब्या हे आजतागायत मला कळलेलं नाही.

आठ दिवसांनी पोरीनं आपण होऊन सांगितलं की ती नापास होती. म्हणाली, "बाईंनी सांगितलं नाही ना तुम्हाला, म्हणून मला सांगता आलं." मी मान डोलावली. समजलं असं वाटलं, पण समजलं नव्हतं. चटणी मात्र दुसऱ्या दिवशी सुरू केली.

दुकानात त्यांची एक वेगळीच तऱ्हा होती. फोनवरून पैसे दिले की हल्ली दुकानातला तो बोलका डबा ओरडून आकडा सांगतो ना, त्यावर बाईंचा फार राग. "मी काय घेतलं नि कितीचं घेतलं हे रस्त्याला कशाला सांगायचं?" असं म्हणून त्या डब्यावर रुमाल टाकायच्या आणि मग पैसे पाठवायच्या. दुकानदार म्हणायचा, "बाई, त्याला काय थंडी वाजतीय का?"

या बाई शाळा सुटल्यावर घरी काय करतात, हे मला आमच्या ओळखीच्या बाराव्या वर्षी कळलं. तेही त्यांनीच सांगितलं, कारण कामाबद्दल विचारलं तर त्या सगळं सांगत. लपवायच्या त्या फक्त माणसं. जगभरातली काही मंडळी मिळून इंटरनेटवर एक जाळं बनवत होती. त्यातून निरोप पाठवला तर कोणी कोणाला पाठवला हे कोणालाच कळू नये, जाळं चालवणाऱ्यालासुद्धा नाही. सगळं काम उघड्यावर ठेवलेलं. कोणीही वाचावं, चुका काढाव्यात, फुकट वापरावं. बाईंनी आधी त्यातल्या गणितातली एक चूक दाखवली, मग दुसरी, मग ती दुरुस्त करून दिली. असं करता करता, त्या जाळ्यात नवीन काय घालायचं आणि काय नाही हे ठरवणाऱ्या तिघांत पेठच्या आमच्या गणिताच्या बाई होत्या. बाकीच्या दोघांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. एक तर बाई आहे की बाप्या हेही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "विचारलं नाहीत?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी चहा मागवला.

"पण निरोप कोणाचा हे कळत नाही म्हणजे कसं?" मी विचारलं.

"आमच्याकडं आण्याला मोठ्या कढईत आमटी होते, खाल्लीत ना? घरोघरचा मसाला येऊन पडतो. एकदा पळी फिरली की कुणाचा मसाला कुठला, काढून दाखवा बरं. तसंच निरोपांचं. पुष्कळांचे एकत्र करायचे, ढवळायचे, मग वाढायचे."

"आणि वापरतं कोण?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज आला असता तर काम फसलं असतं, सर."

दर महिन्याला त्या कामाचा अहवाल लिहायच्या. जगासाठी इंग्रजीत, आणि त्याचीच मराठी प्रत शाळेच्या फलकावर. काय झालं, काय झालं नाही, काय चुकलं. तो वाचणारा पेठमध्ये मी एकटाच होतो, आणि मीही त्यात कोणाचं नाव सापडतंय का तेवढंच पाहायचो.

मग एका महिन्याच्या अहवालात शेवटी दोन ओळी आल्या. परदेशातली जी संस्था या कामाला पैसे द्यायची तिनं हात आखडता घेतला होता. जाळ्याची नवी आवृत्ती तयार होती, तीन वर्षांचं काम. पण ती बाहेर सोडण्याआधी त्रयस्थ जाणकारांकडून तपासून घ्यायची होती. ते लोक चोर बनून आत शिरायचा प्रयत्न करतात आणि भोकं दाखवतात. त्यांची वेळ ठरलेली होती, पैसे दोन महिन्यांत भरायचे होते. नाही भरले तर वेळ दुसऱ्याला.

मी म्हणालो, "तपासणीशिवाय सोडा की. फुकटच तर देताय."

बाई पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. "कुणीतरी यावर विश्वास टाकून काहीतरी लिहिणार. ते उघडं पडलं तर त्या माणसाचं काय होईल हे मला कधी कळणारसुद्धा नाही. मग मी न तपासता कशी देऊ?" तेव्हा मला कळलं की या बाईंना नाव नसलेल्या, चेहरा नसलेल्या माणसांची काळजी वाटते. मला तर आधी नाव कळल्याशिवाय काळजीसुद्धा करता येत नाही.

मग मी कामाला लागलो. आधी माझा एक जुना विद्यार्थी गाठला. जमिनीचे प्लॉट पाडून मोठा झालेला, मनाचा वाईट नाही. पांढरी गाडी घेऊन शाळेत आला. "बाई, समदं म्या देतो. फकस्त दोन गोष्टी. उगाडलं की पयला माजा फोटू. आन् आपल्या भागात कोन कोन वापरतं त्याची यादी."

"यादी नाही," बाई म्हणाल्या.

"मंग करा की."

"ती करता येऊ नये म्हणून तर तीन वर्षं खपलोय."

तो माझ्याकडे वळला. "सर, लई अवघड हाय राव. मालकालाच म्हाईत न्हाई गिऱ्हाईक कोन!" चहा न घेता गेला.

मग मी गावातून, माजी विद्यार्थ्यांकडून, शिक्षकांकडून वर्गणी गोळा केली. सांगायला अभिमान वाटतो, लोकांनी भराभर दिली. काम काय आहे हे निम्म्यांना कळलं नव्हतं. पण बाईंनी ज्यांना शिकवलं आणि ज्यांचे गुण कधी कोणाला सांगितले नाहीत, असे शेकड्यानं होते. आणि मग मी ती गोष्ट केली जी आमच्याकडे वर्गणीनंतर कोणीही करतो. मंचरला जाऊन झकास फ्लेक्स छापून आणला. वर मोठ्या अक्षरांत 'गुप्तता प्रकल्पास सढळ हाताने मदत करणारे दाते' आणि खाली सगळ्यांची नावं, काहींचे फोटो. स्टँडवर बांधला. अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला त्या दोन ओळींत काही विसंगत दिसलं नाही. फ्लेक्सवाल्याला दिसलं नाही. गावालाही नाही. लोक आपापलं नाव शोधून फोटो काढत होते.

पहिल्या ओळीत एका सूनबाईंचं नाव होतं. बाईंची विद्यार्थिनी, ब्लाउज शिवून चार पैसे मिळवणारी. तिची सासू बसला उभी होती, तिनं वाचलं. "आमच्या घरातलं नाव, आन् आमालाच ठावं न्हाई? कुनाला इचारून दिलं?" त्या दिवसापासून शिलाईचे पैसे सासूच्या हातात जायला लागले. दुसऱ्या दिवशी सूनबाई शाळेत आली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, माजं नाव तुमी कुनाला इचारून लावलं?"

माईकवर मी आजवर शेकडो नावं वाचली होती, एकही विचारून नाही.

बाईंनी हे ऐकलं. मधल्या सुट्टीत एक स्टूल आणि खुरपं घेऊन त्या स्टँडवर गेल्या, भर दुपारी सगळ्यांदेखत स्टुलावर चढल्या आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. छापलेली बाजू आत घेऊन घडी घातली. मग मला म्हणाल्या, "पैसे काढा, सर. परत द्यायचे."

"सगळे? बाई, मुदतीला पाचच आठवडे राहिलेत!"

"नावं फुटलेले पैसे या कामाला चालत नाहीत."

चार दिवस आम्ही दारोदार हिंडलो. पुढे बाई, मागे पिशवी घेऊन मी. प्रत्येक दारात त्या हात जोडून म्हणायच्या, "चूक आमची झाली." आमची. एकदाही 'सरांची' म्हणाल्या नाहीत. त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं होतं, 'काय चुकलं: देणाऱ्यांची नावं उघड झाली. पैसे परत केले.' मी त्यात माझं नाव शोधलं. नव्हतं. जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी तो अहवाल वाचला असेल, आणि पेठच्या मराठीच्या मास्तरची फजिती त्यातल्या एकालाही कळली नाही. त्या फलकापाशी उभं राहून मला 'माणूस दाराआड' म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं, कारण दाराआड आता मी होतो.

सूनबाईंच्या घरी मी तीनदा जाऊन माफी मागून आलो. शिलाईचे पैसे तिच्या हातात परत यायला वर्ष गेलं. ते माझ्या नावावर आहे, आणि ते मी दाराआड ठेवणार नाही.

पुढचं मात्र मला सुचलं, आणि त्याचा मला माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त अभिमान आहे. मी बाईंना म्हणालो, "आमटीच्या कढईत मसाला कोणाचा ते कळत नाही ना? मग पैशांची कढई ठेवू."

बाईंनी चष्मा वर सरकवला. मग वही काढून त्या माझ्या कल्पनेतल्या चुका काढायला बसल्या, म्हणजे कल्पना त्यांना आवडली होती.

पालकसभेच्या दिवशी गावच्या गणेश मंडळाची मोठी कढई शाळेच्या व्हरांड्यात ठेवली, वर जाड पांढरं फडकं. नियम बाईंचे. जो येईल त्यानं मूठ बांधून हात फडक्याखाली घालायचा आणि मोकळा हात बाहेर काढायचा. द्यायचं नसेल त्यानंही घालायचा. रिकामी मूठ घालणाऱ्यामुळे भरलेली मूठ लपते, तेव्हा त्याचीही मदतच. कढईजवळ कोणी उभं राहायचं नाही. शेवटचा नियम फलकावर वेगळा लिहिला होता, 'सरांनी माईकला हात लावू नये.'

सकाळी मी एक नाणं टाकून पाहिलं तर खणकन वाजलं. नोट टाकली तर आवाज नाही. बाई म्हणाल्या, "बघा, भोक सापडलं." घरी गेल्या आणि पायलीभर गहू आणून कढईच्या तळाशी पसरले. त्यानंतर नाणं पडो की नोट, कढई गप्प.

अख्खं गाव आलं. म्हाताऱ्या, पोरं, स्टँडवरचे रिक्षावाले, ज्यांचे पैसे परत केले होते तेही. रांग फाटकाच्या बाहेर. सूनबाई आली, मूठ घालून गेली. तिच्या मागे दहा माणसं सोडून सासू आली, तिनंही घातली. पांढरी गाडी आली. माझा विद्यार्थी मूठ घालून बाहेर आला आणि न राहवून म्हणाला, "बाई, सांगू का, दिले का न्हाई?"

"नको," बाई म्हणाल्या.

"आयला, पयल्यांदाच असं व्हतंय," असं म्हणत हसत गेला.

मीही मूठ घातली. तीत काय होतं, ते जाऊ द्या.

दुपारी फडकं काढलं. गव्हात नाणी होती, बारीक घड्या घातलेल्या नोटा होत्या, आणि एक सोन्याचा मणी. मणी बघून बाई कासावीस झाल्या. परत करावा तर कोणाला? त्यांच्याच नियमानं त्यांचे हात बांधले होते. बराच वेळ तो तळहातावर घेऊन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना रडताना मी तेवढंच पाहिलं.

आमच्या कढईनं सगळं भागलं नाही, पण बाईंनी तो प्रकार बाकीच्या दोघांना लिहून कळवला, आणि कुठल्या कुठल्या गावांतून, न सांगता, बिननावाचे पैसे येऊन मुदतीच्या आत भरले गेले. तपासणी झाली. चोर बनलेल्या जाणकारांनी दोन भोकं काढली. मला वाटलं बाई खचतील. त्यांनी शाळेत पेढे वाटले. "आधी सापडली ना!" भोकं बुजवली, पुन्हा तपासली आणि नवी आवृत्ती जगासाठी खुली झाली.

बाकीच्या दोघांनी त्या आवृत्तीला नाव दिलं 'कढई'. ज्यांना आमटी माहीत नाही, पेठ माहीत नाही, 'ढ' म्हणता येत नाही, अशी माणसं आता आपापल्या देशात 'कढई' म्हणायचा प्रयत्न करतात. फोनवर तिचं चिन्हही छोटी काळी कढई, वर पांढरं फडकं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी छाती अशी फुगली की बायको म्हणाली, शर्टाचं बटण जाईल.

बाई निवृत्त होऊन आण्याला गेल्या. जाताना मी स्टँडवर सोडायला गेलो. बस आली. मी म्हणालो, "निघालात?" त्या म्हणाल्या, "निघालेय." आमच्या ओळखीतला सगळ्यात मोलाचा संवाद तोच.

गेल्या दिवाळीत माझी मुलगी माहेरी आली होती. ती आता पुण्यात नोकरी करते, संसार करते. ती स्वयंपाकघरात असताना तिचा फोन ओसरीवर वाजला म्हणून मी उचलून द्यायला गेलो, आणि पडद्यावर ती दिसली. छोटी काळी कढई. मुलगी दारात येऊन उभी होती. माझ्या हातातला फोन तिनं पाहिला, मी काय पाहिलं ते तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती माझ्या प्रश्नाची वाट पाहत होती. तिनं बापाला ओळखून तीस वर्षं झालीत.

माझ्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलं. कोणाला लिहितेस? कशासाठी? कसली अडचण आहे? आणि ती मला का सांगता येत नाही? मी तिच्या हातात फोन दिला आणि म्हणालो, "चहात आलं घालू का?"

तिनं फोन घेतला. मग म्हणाली, "घाला." चहा पिताना ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली, लहानपणी बसायची तशी.

हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं. हल्ली मी विचारतो. ती म्हणाली, "लिहा, पण बाईंचं नाव नको, माझं नको, आणि मी ते कशासाठी वापरते तेही नको." पहिल्या दोन अटी पाळताना मला, खरं सांगतो, घाम फुटला. तिसरी सोपी गेली. ते मला अजून माहीत नाही.